लाल टोपीला विचारायचं नाही

उजुन्वाचा बाप शवागारात पडून होता आणि भावकी खड्डा खणायला तयार नव्हती.

उमुएझे गावात माणूस मेला की त्याला त्याच्याच अंगणात पुरतात, आणि खड्डा खणतात ते भावकीतले पुरुष. पैसे टाकून बाहेरचे मजूर आणावेत तर मेलेल्याला मागेपुढे कुणी नव्हतं असा त्याचा अर्थ होतो. म्हणून गावातली माणसं बँकेला हुलकावणी देतील, सासऱ्याला देतील, पण भावकीची वर्गणी बुडवत नाहीत. शेवटी फावडं भावकीच्याच हातात असतं.

अनायोनंही कधी बुडवली नव्हती. नेवीच्या बाजारात मोटरसायकलींचे सुटे भाग विकणारा हा माणूस, गिऱ्हाइकाला सुट्टे द्यायचे राहिले तर संध्याकाळी त्याच्या घरी नेऊन द्यायचा. एक दिवस दुकानातच छातीत कळ आली आणि गेला. त्याच्यावर भावकीनं दोन ठपके ठेवले होते. ट्रान्सफॉर्मरची वर्गणी दिली नाही हा एक, आणि दुसऱ्याचा पुरावा आपला म्हणून दाखवला हा दुसरा. वर्गणी भरा, वर दंडाचा बोकड आणा, मग फावडं उचलू, असा निरोप खजिनदार झिमुझोनं अनायोच्या बायकोला दिला. तोही मोटरसायकलवरून न उतरता.

उजुन्वा लागोसहून बसनं आली ती हे ऐकायला. तिनं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"कसला पुरावा?" तिनं विचारलं.

"तुझाच," आई म्हणाली.

तो पुरावा खरंच तिचा होता. गावानं स्वतःच्या खर्चानं ट्रान्सफॉर्मर आणायचं ठरवलं तेव्हा अर्धी भावकी परदेशात होती. देशाचं चलन, नायरा, रोज घसरत होतं. शिवाय कोण किती पाठवतो याची बातमी फुटली की अपहरण करणारे गावातल्या म्हाताऱ्यांना उचलायला टपलेलेच. म्हणून वर्गणी अशा एका डिजिटल नाण्यात घ्यायची ठरली, ज्यात कुणी कुणाला दिले हे जगाला दिसत नाही. झाकलं ते बरं झालं, पण मग कुणी दिले आणि कुणी नाही हे भावकीला तरी कसं कळणार? उजुन्वा लागोसला याच धंद्यातल्या कंपनीत कामाला होती. आपल्या घरचीच पोर आहे म्हणून भावकीनं मोठ्या कौतुकानं ते काम तिच्याकडे दिलं.

तिनं जे बांधलं ते असं. पैसे पाठवताना पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये त्या एका व्यवहारापुरती एक गुप्त संख्या तयार होते. ती फोनबाहेर जात नाही. पण तिच्या जोरावर फोन अक्षरांची एक लांबलचक माळ काढून देतो. खजिनदारानं आपल्या फोनवर ती माळ तपासली की कळतं, माळ काढणाऱ्याकडे त्या व्यवहाराचं गुपित आहे, म्हणजे पैसे त्यानंच दिले. गुपित मात्र उघडं पडत नाही. आता एकदा काढलेली माळ कुणीही उतरवून घेऊ शकतो. म्हणून उजुन्वानं त्यात एक प्रश्न घातला होता. खजिनदारानं आयत्या वेळी एखादं वाक्य सांगायचं, मनात येईल ते, आणि देणाऱ्याच्या फोननं ते वाक्य आत मिसळून नवी माळ काढायची. वाक्यातलं एक अक्षर बदललं तरी माळ खोटी. मग कालची माळ आज चालत नाही, आणि माझी माळ तुम्हाला चालत नाही. सगळी राखण त्या प्रश्नात होती.

हे तिनं भावकीच्या सभेत उभं राहून समजावलं होतं. चीफ उमेआदी पहिल्या रांगेत बसला होता. डोक्यावर मानाची लाल टोपी, टोपीत पीस, मनगटात पोवळ्यांची माळ.

"म्हणजे मी पैसे द्यायचे," तो म्हणाला, "आणि वर झिमुझो मला वाक्य घालणार? शाळेत मास्तर घालतात तसं?"

सभा हसली.

"सगळ्यांनाच घालणार, चीफ. तुम्हाला एकट्याला नाही."

"सगळ्यांत आणि माझ्यात काही फरक असावा म्हणूनच ही टोपी दिलीत ना मला? पोरी, लागोसमध्ये तुम्ही एकमेकांवर विश्वास ठेवत नसाल. ही भावकी आहे. इथे माणूस दिलं म्हणाला, की दिलं."

"मग पुरावा तरी कशाला हवाय?" उजुन्वा म्हणाली.

यावर कुणी हसलं नाही. भावकीतले सगळ्यांत थोरले ओन्वुदी आजोबा खाकरले आणि पिल्लानं कोंबडीला दाणे टिपायला शिकवू नये, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले. मागच्या रांगेतून बाप हातानं खूण करत होता, बस खाली. लाल टोपीला असलं काही विचारायचं नाही आणि म्हणून कुणालाच विचारायचं नाही, असं ठरलं. उजुन्वानं प्रश्न काढला. त्याऐवजी माळ कुणाला दाखवू नका, खजिनदारालाच द्या, असं बजावलं. पण देऊन गप्प बसायचं म्हणजे दार लावून जेवल्यासारखं. उमुएझेच्या माणसाला ते जमेल तर शपथ. जो तो पैसे भरले की आपली माळ भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा आणि खाली टाळ्यांची रांग लागायची.

त्यानंतर वर्षभरानं एकदा बापाचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर तो म्हणाला, "उजू, तुझं ते यंत्र कधी चुकतं का गं?"

"नाही पापा. गणित आहे ते. माणसं खोटं बोलतात, गणित नाही बोलत."

"बरं," बाप म्हणाला. "जेवलीस का?"

तो का विचारत होता ते तिला आत्ता, आईसमोर पिशवी खांद्यावर घेऊन उभं असताना कळलं. सभेत यादी वाचली जाते तेव्हा मानाप्रमाणे लाल टोपी आधी. उमेआदीनं माळ दाखवली, झिमुझोच्या फोननं ती खरी ठरवली, सगळे एका आवाजात म्हणाले, "दिलं." कितीतरी नावांनंतर अनायोची पाळी आली. त्याचीही माळ तीच. फोन म्हणाला, ही आधीच दाखवली गेली आहे.

"ते म्हणाले, माझी आहे, मी ग्रुपवर टाकली होती," आई सांगत होती. "तर उमेआदी म्हणाला, मीच पाठवली होती त्याला, कशी काढतात ते दाखवायला. अनायोला वाटलं भेट दिली. एवढे हसले सगळे, एवढे हसले. त्या दिवसापासून त्यांना झेरॉक्स म्हणायला लागले. बाजारातसुद्धा. झेरॉक्स, एक ब्रेकची वायर दे."

चोराच्या उलट्या बोंबा, आणि त्या बोंबांना सभेच्या टाळ्या.

"मला का नाही सांगितलंत?" उजुन्वाचा आवाज चिरकला.

"मी म्हटलं, पोरीला फोन करा, ती सांगेल यांना. तर म्हणाले, तिच्या कामात भोक आहे हे चारचौघांत कशाला? लोक तिलाच हसतील. मला हसतायत तेवढं पुरे."

उजुन्वा रडली नाही. रडायला आधी राग उतरावा लागतो. तिला उमेआदीचा राग आला, त्या हसणाऱ्यांचा आला, गप्प बसलेल्या बापाचा आला. आणि गणित खोटं बोलत नाही असं ठसक्यात सांगून पुढे काहीच न विचारणाऱ्या लागोसच्या त्या पोरीचा तर तिला असा राग आला, की तिनं खांद्यावरची पिशवी भिंतीवर फेकली.

"भरून टाकू गं," आई म्हणाली. "एक बोकड. तिकडे बर्फात पडलेत ते. मला त्यांना घरी आणायचंय."

"बोकड दिला की पापांनी चोरी केली असं होतं, आई. मग पुरतील, पण झेरॉक्स म्हणून पुरतील. फोन कुठाय त्यांचा?"

आईनं कपाटातून फोन काढून दिला. बॅटरी भरलेली होती.

"रोज चार्ज करते," आई म्हणाली. "का करतेस ते विचारू नकोस."

फोनमध्ये वर्गणीचा व्यवहार जागच्या जागी होता, आणि त्याचं गुपितही. उजुन्वाच्या लॅपटॉपमध्ये पहिला, प्रश्न असलेला आराखडा अजून होता. टाकून द्यायला तिचा जीव झाला नव्हता. तिनं तो बापाच्या फोनवर चढवला आणि सकाळीच आत्याकडे गेली, कारण लाल टोपीविरुद्ध सभा बोलावण्याची छाती भावकीतल्या एकाही पुरुषाला नव्हती. उमुएझेचे पुरुष देवाला घाबरत असतील नसतील, आपल्या माहेरवाशिणींना घाबरतात. लग्न होऊन गावोगाव गेलेल्या या लेकी मयताला माहेरी येतात, आणि काही वावगं दिसलं तर अंगणात चटया टाकून बसतात. त्या उठेपर्यंत ना मूठमाती, ना चूल. या सगळ्यांत थोरली उगोये आत्या, अनायोची मोठी बहीण.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. "हे मला कळेल असं सांग," ती म्हणाली.

"त्यांनी पहिल्यापासून एकच प्रश्नपत्रिका ठेवली, आत्या, आणि उत्तर भिंतीवर चिकटवलं. कुणीही उतरवावं. मी आता आयत्या वेळी प्रश्न घालणार."

"मग ज्याचा अभ्यास झालाय तोच लिहील."

"हो."

"माझा भाऊ मेलाय. तो कसा लिहील?"

"त्याचा फोन लिहील. गुपित फोनमध्ये आहे."

"आणि हा उमेआदी इतके दिवस पकडला कसा गेला नाही?"

"त्याला कुणी विचारलंच नाही."

आत्या गुडघ्यावर हात देऊन उठली. "बायकांना निरोप धाड. चटया आणायला सांग."

ओन्वुदी आजोबांच्या बैठकीत भावकी जमली. रीतीप्रमाणे कोलाची बी फोडली गेली, तुकडे फिरले. माहेरवाशिणी दोन्ही दारांत बसल्या होत्या, त्यामुळे कुणाला काम आठवून बाहेर जाता येईना. उमेआदीनं परिस्थिती ओळखली आणि सगळ्यांच्या आधी बोलला.

"पोर दुःखात आहे," तो म्हणाला. "दुःखात माणूस काहीही बोलतं, आपण मनाला लावून घेऊ नये. अनायो माझा भाऊ होता. त्याची वर्गणी मी भरतो. बोकडही माझा. विषय संपवा."

दोघे-तिघे माना हलवून वा वा म्हणाले. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाऊन हा माणूस वर ताकाचं दान करायला निघाला होता. उजुन्वा ताडकन उठली. ती बोलणार तेवढ्यात आत्या बोलली.

"बोकड राहू दे तुझ्या गोठ्यात. आम्ही एक प्रश्न विचारायला आलोय."

"आत्या, चीफना असा प्रश्न विचारायची रीत नाही," झिमुझो म्हणाला.

"तुझा शेंबूड मी पुसलाय, झिमुझो. बस खाली. तुझा तो फोन काढ."

उजुन्वानं झिमुझोच्या फोनवरही नवा आराखडा चढवला आणि काय करायचं ते सांगितलं. ओन्वुदी आजोबांनी एक वाक्य सांगायचं. ज्यानं खरोखर पैसे दिले त्याच्या फोनमधून त्या वाक्याची माळ निघेल. दुसऱ्या कुणाच्या फोनमधून निघणार नाही, त्याच्या डोक्यावर काहीही असो.

म्हातारा ओन्वुदी उमेआदीकडे बघायला लागला. उमेआदी छताकडे बघत होता.

"चटया पसरा गं," आत्या दाराकडे वळून म्हणाली. "आज इथेच मुक्काम दिसतोय."

"थांबा, थांबा," म्हातारा घाईनं म्हणाला. "सांगतो. कसलंही वाक्य चालेल?"

"जे आधी कुणाला माहीत असणार नाही असं."

त्यानं बराच वेळ विचार केला. एवढ्या सभेत साजेसं, वजनदार काहीतरी बोलावं असं त्याच्या मनात असावं, पण ते काही येईना. "आज माझा डावा गुडघा दुखतोय," तो शेवटी म्हणाला, आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"चालेल, आजोबा," उजुन्वा म्हणाली. "तेच चालेल."

तिनं बापाच्या फोनवर ते वाक्य लिहिलं. दोनदा चुकलं, पुसून पुन्हा लिहिलं. फोननं माळ काढली. तिनं ती झिमुझोला पाठवली. झिमुझो पडद्याकडे बघत राहिला.

"मोठ्यानं," आत्या म्हणाली.

"माळ खरी," झिमुझोनं वाचलं. "वर्गणी ट्रान्सफॉर्मरची. वाक्य, आज माझा डावा गुडघा दुखतोय."

"डाव्याऐवजी उजवा लिहून बघ," मागून एक जण म्हणाला. तो मघाशी हसणाराच होता. झिमुझोनं लिहून बघितलं. फोन म्हणाला, माळ खोटी. मग बैठकीत कुणी हसेना, आणि डोकी हळूहळू पहिल्या रांगेकडे वळली.

"आता तुमचा फोन, चीफ," उजुन्वा म्हणाली. "माळ तुमची होती ना? पापांना तुम्हीच पाठवली होती, कशी काढतात ते दाखवायला. दाखवा ना. कशी काढतात?"

"तो फोन मी कधीच बदलला."

"नव्या फोनमध्ये जुनी गुपितं येतात. गावच्या विहिरीसाठी तुम्ही याच नाण्यात भरलेली वर्गणी आली असेल की. उघडा."

उमेआदीनं फोन खिशातून काढला, हातात धरला, आणि उघडला नाही. बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. त्याची टोपी जराशी तिरकी झाली होती आणि ती सरळ करायचं त्याला सुचत नव्हतं.

"मी दुसऱ्या दिवशी भरणारच होतो," तो म्हणाला.

आत्या उजुन्वाच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"पहिलं नाव माझं असतं. सगळ्यांसमोर उभं राहून काय सांगू, अजून दिले नाहीत म्हणून? मी? ग्रुपवर इतक्या माळा पडल्या होत्या, हाताला लागली ती घेतली. कुणाची ते बघितलंसुद्धा नाही. मग झालं ते झालं. पुढे कुणी विचारलं नाही." शेवटचं वाक्य तो असं म्हणाला, की जणू सगळी चूक न विचारणाऱ्यांची होती.

गरजेपोटी केलं असतं तर उजुन्वानं कदाचित त्याला कधीतरी माफ केलं असतं. पण या माणसाच्या दारात दोन गाड्या उभ्या होत्या. सभेत एक दिवस मान खाली घालायला नको म्हणून त्यानं तिच्या बापाची मान कायमची खाली घातली होती, आणि ती कुणाची आहे हेसुद्धा बघितलं नव्हतं. हाताला लागली ती घेतली. तिला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. आत्यानं तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

ओन्वुदी आजोबांनी घसा साफ केला. "चुकतो माणूस," ते म्हणाले. "जिभेशेजारी दात असले की कधीतरी चावले जाणारच. कळलं हे बरं झालं. चला, तरण्यांनी फावडी घ्या, अनायोला घरी आणू."

आणि खरंच लोक उठायला लागले. बाजारात दोन किलो यामचे कंद जास्त तोलले गेले होते, ते परत केले, झालं, असा सगळा आविर्भाव.

"बसा," उजुन्वा म्हणाली.

ती ओरडली नव्हती. पण उठलेले बसले.

"यादी काढ, झिमुझो. त्या दिवशीची. पापांचं नाव वाच."

झिमुझोनं वाचलं, "अनायो."

"दिलं," सभा म्हणाली.

"एक आवाज कमी होता," आत्या म्हणाली.

झिमुझोनं पुन्हा वाचलं. या वेळी उमेआदीही म्हणाला. उजुन्वाला वाटत होतं, हे कानांनी ऐकलं की आत कुठेतरी गार वाटेल. काहीच वाटलं नाही. ज्यानं ऐकायला हवं होतं तो नेवीच्या शवागारात, पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधून पडला होता.

"आता दंड," आत्या म्हणाली. "भावकीनं मेलेल्याला लावला होता, आम्ही जित्याला लावतो. बोकड नको आम्हाला. माझ्या भावाचा खड्डा उमेआदी खणेल."

बैठकीत एकदम गलका झाला. टोपी मिळालेला माणूस खड्डा खणत नाही, असं कधी झालं नाही, पूर्वज काय म्हणतील, हे सगळं सगळे एकदम बोलले. आत्यानं त्यांना बोलू दिलं. मग तिनं दारातल्या बायकांना चटया पुन्हा पसरायला सांगितल्या, आणि गलका थांबला.

दुपारी अनायोच्या अंगणात हरमत्तानचा कोरडा वारा सुटला होता. लाल माती विटेसारखी कडक झालेली. लाल टोपी ओसरीच्या कठड्यावर काढून ठेवली होती. तरणी पोरं फावडी टेकवून उभी होती. आत्यानं त्यांना जवळ येऊ दिलं नव्हतं. उमेआदी बनियनवर खणत होता. फावडं धरायची त्याची सवय मोडून कित्येक वर्षं झाली असावीत, दर घावाला ते मातीवरून घसरत होतं. आई खिडकीतून बघत होती. गाव कुंपणाबाहेर जमलं होतं आणि या खेपेला कुणाला हसायची हिंमत नव्हती.

खड्डा त्याच्या गुडघ्याइतका झाला. तळहात फुटले होते, श्वास लागला होता. त्यानं फावडं टेकवलं आणि काठावर बापाचा फोन हातात घेऊन उभ्या असलेल्या उजुन्वाकडे वर बघितलं.

"पुरे ना आता?" त्यानं विचारलं.

"माझा बाप वर्षभर झेरॉक्स होता, चीफ," उजुन्वा म्हणाली. "खणा."

त्यानं पुन्हा फावडं उचललं.